मोटारवाले, सायकलवाले आणि वाटेचा मान



घराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर ज्याच्याशीं आपणां सर्वांची गांठ पडते अशा एका विषयासंबंधीं मी आज बोलणार आहें. तो विषय म्हणजे रस्ता, आणि त्या रस्त्यावरून एकाच वेळीं जाणारे दोन प्रवासी: एक मोटारींत बसलेला आणि दुसरा सायकलीवर बसलेला. या दोघांमध्यें नित्य जी बाचाबाची होते, जे रागाचे कटाक्ष टाकले जातात आणि प्रसंगीं जें रक्त सांडतें, त्याचें मूळ कशांत आहे आणि त्यावर सौजन्याचा उपाय कितपत चालतो, याचा विचार आपण करूं. विषय साधा आहे, परंतु क्षुल्लक नाहीं. केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. म्हणजे दर दिवशीं दहांहून अधिक घरांत, सायकल काढून बाहेर पडलेला माणूस परत आला नाहीं. ज्या विषयाची किंमत इतकी आहे, तो क्षुल्लक कसा म्हणावा?

उदाहरणादाखल मी पुणें शहर घेतों, कारण सायकल आणि मोटार यांचा मानमरातब तेथें एका माणसाच्या आयुष्याच्या अवधींत पार उलटा झाला आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून साऱ्या देशांत ओळखलें जाई. कारकून कचेरींत सायकलीनें जात, विद्यार्थी महाविद्यालयांत सायकलीनें जात, आणि कारखान्याचा भोंगा झाला म्हणजे कामगारांच्या सायकलींचा लोंढाच रस्त्यावर येई. ज्याला स्वतःची सायकल नसे त्याला ती तासाच्या भाड्यानें मिळे. त्या काळीं सायकलवाल्यालाहि कायद्याचा धाक होता. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. दिवेलागणीनंतर दिव्यावांचून जाणारास पोलीस अडवी. आणि ‘डबलसीट’ हा गुन्हा असल्यामुळें चौक जवळ आला कीं मागचा गडी उडी मारून उतरे व चौक ओलांडल्यावर पुन्हा बसे. पुढें स्कूटर आणि मोपेड आल्या, त्यांच्यामागून मोटारसायकली आणि मोटारी आल्या. २०१८ सालीं पुण्यांत नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि ती शहराच्या लोकसंख्येहूनहि अधिक झाली, असें परिवहन कार्यालयाच्या आंकड्यांवरून जाहीर झालें. फार कशाला, पूर्वीं ‘दुचाकी’ म्हटलें म्हणजे लोक सायकल समजत. आज तो शब्दहि इंजिनाच्या गाड्यांनीं घेतला आहे. ज्या वाहनाचा रस्त्यावर मान होता, त्यालाच आतां कडेकडेनें, जीव मुठींत धरून जावें लागतें.

येथें मी ‘मोटारवाला’ हा शब्द व्यापक अर्थानें वापरीत आहें. मोटारीबरोबरच मोटारसायकल, रिक्षा, बस आणि ट्रक चालविणारेहि त्यांत आले. आतां प्रश्न असा कीं, हे मोटारवाले आणि सायकलवाले हीं दोन निराळ्या स्वभावाचीं माणसें आहेत काय? मुळींच नाहीं. पुष्कळदां तें एकच घर असतें. वडील मोटारींतून कामावर जातात आणि त्यांचीच मुलगी सायकलीनें शिकवणीला जाते. घरांत एकमेकांस जपणारीं हीं माणसें रस्त्यावर परक्या मुलीशीं आणि परक्या वडिलांशीं वैऱ्यासारखीं कां वागतात?

याचें एक कारण असें आहे कीं, रस्त्यावर त्यांना एकमेकांशीं बोलतांच येत नाहीं. पायीं चालणारे दोघे अरुंद बोळांत समोरासमोर आले तर त्यांची नजरानजर होते. एक जण अंग चोरतो, दुसरा ‘या, या’ म्हणतो, आणि दोघे सुखानें पुढें जातात. मोटारींतल्या माणसाचा चेहरा कांचेआड असतो. त्याचा शब्द बाहेर पोंचत नाहीं. पोंचतो तो फक्त हॉर्न. आणि हॉर्नच्या भाषेंत एकच शब्द आहे. ‘मी मागें आहें, संभाळा’ हें सांगावयाचें असो किंवा ‘हो बाजूला, मूर्खा’ हें सांगावयाचें असो, आवाज तोच. सांगणारानें पहिला अर्थ मनांत धरलेला असतो, आणि ऐकणारा हटकून दुसरा घेतो. त्यांतून बंद मोटारींत बसलेल्यास स्वतःचा हॉर्न सौम्य वाटतो. उघड्यावरच्या सायकलस्वाराच्या कानांत मात्र तो भाल्यासारखा शिरतो. त्याचें हँडल हलतें, आणि मग मोटारवाला म्हणतो, ‘पाहा, सायकल धड चालवितां येत नाहीं!’

दुसरें आणि अधिक मोठें कारण हें कीं, दोघांनाहि एकमेकांची वाहनें दिसतात, पण एकमेकांच्या अडचणी दिसत नाहींत.

प्रथम सायकलवाल्याची बाजू पाहूं. मोटारवाल्याची नेहमींची तक्रार अशी कीं, सायकलवाला सरळ जात नाहीं. मध्येंच उजवीकडे येतो. तो येतो हें खरें, परंतु लहर लागली म्हणून येत नाहीं. रस्त्याची जी डावी कड त्याच्या वाट्याला आलेली असते, तेथेंच खड्डे अधिक, तेथेंच वाळू आणि कांचेचे तुकडे सांचलेले, तेथेंच गटाराचें झांकण खचलेलें, आणि तेथेंच ओळीनें मोटारी उभ्या. मोटारीचें चाक ज्या खड्ड्यावरून नुसता धक्का देऊन जातें, त्याच खड्ड्यांत सायकलीचें चाक अडकून स्वार तोंडावर आपटतो. शिवाय सायकल वेगांत असतांना स्थिर असते आणि मंद झाली कीं डोलूं लागते. चढावर अगर चौकांतून निघतांना ती हातभर इकडेतिकडे होणें हा तिच्या जातीचा धर्म आहे. त्यांत मागें दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा गॅसची टाकी बांधलेली असली तर विचारूंच नका. मोठी बस भरधाव जवळून गेली म्हणजे तिच्या वाऱ्याचा झोतहि त्याला आधीं ढकलतो आणि मग ओढतो.

सायकलवाल्याला थांबणें नकोसें वाटतें, याचेंहि कारण समजून घेतलें पाहिजे. मोटार थांबली आणि पुन्हा निघाली तर चालकाला पाऊल दाबण्यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं. खर्च होतें तें पेट्रोल. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक थांबण्यानंतर गेलेला वेग स्वतःच्या मांड्यांच्या बळावर पुन्हा मिळवावा लागतो. म्हणून त्यानें लाल दिवा ओलांडावा असें मी म्हणत नाहीं. परंतु चढावर आलेल्या सायकलीला, आपण क्षणभर थांबून, न थांबतां जाऊं दिलें, तर आपलें कांहींच न जातां दुसऱ्याचे श्रम वांचतात, इतकें मोटारवाल्यानें ध्यानांत घ्यावें.

आतां मोटारवाल्याची बाजू पाहूं, कारण सायकलवाल्यालाहि ती ठाऊक नसते. सायकलवाल्याला वाटतें, मला एवढी मोठी बस दिसते, तर एवढ्या उंचावर बसलेल्या चालकाला मी दिसत नसेन कसा? पण तो पुष्कळदां दिसत नाहीं. मोटारीच्या कांचेला दोन्ही बाजूंस खांब असतात, आणि एका खांबाआड सबंध सायकल लपूं शकते. बसच्या डाव्या अंगास, अगदीं बाजूला चिकटून असलेला माणूस चालकाच्या नजरेच्या खालीं राहतो. पावसाळ्याच्या रात्रीं कांचेवर थेंब, समोरून येणाऱ्या दिव्यांचा झगमगाट, आणि त्यांत काळे कपडे घातलेला, दिवा नसलेला सायकलस्वार. तो चालकाला दिसतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत ११ मीटर जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागूं लागण्यापूर्वींच ती ११ मीटर पुढें आलेली असते. चालक कितीहि सज्जन असला तरी हे ११ मीटर त्याच्या सज्जनपणाला जुमानीत नाहींत.

आणखी एक गोष्ट प्रत्येक सायकलस्वारानें पाठ करून ठेवावी. बस किंवा ट्रक डावीकडे वळतो तेव्हां त्याचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत. तीं आंतल्या बाजूनें कोपरा कापून जातात. त्यांतून लांब गाडीचा चालक वळण साधण्यासाठीं पुष्कळदां आधीं किंचित् उजवीकडे जातो. त्यामुळें डावीकडे एक मोकळी फट दिसते. सायकलवाल्याला वाटतें कीं ही वाट आपल्याचसाठीं झाली. तो तींत शिरतो, आणि पाहतां पाहतां ती फट मिटते. चौकांत मोठ्या गाडीच्या डाव्या कुशींत कधींहि शिरूं नये. दहा सेकंद तिच्या मागें थांबावें.

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, ‘तर मग दोघांचेहि दोष सारखे, दोघांनींहि सारखेंच संभाळून जावें, आणि विषय संपला.’ हें बोलणें वरवर न्यायाचें दिसतें. परंतु हिशेब करून पाहिल्यास तें तसें ठरत नाहीं. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून ८० किलो धरूं, आणि मोटार १,२०० किलोंची धरूं; म्हणजे वजन १५ पट झालें. सायकल ताशीं १५ किलोमीटर जाते आणि मोटार ताशीं ४५, असें समजूं. वेग तिप्पट झाला. आघाताची शक्ति वजनाच्या प्रमाणांत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें आपण शाळेंत शिकलेलों आहों. म्हणून १५ गुणिले ९, म्हणजे मोटारीच्या अंगीं सायकलीच्या १३५ पट घातशक्ति आली. चूक दोघांची सारखी असेल. पण त्या चुकीचें फळ दोघांना सारखें मिळत नाहीं. मोटारवाल्याचा पत्रा चेपतो. सायकलवाल्याची कवटी फुटते. ज्या व्यवहारांत एकाची ठेव पत्र्याची आणि दुसऱ्याची प्राणाची आहे, त्यांत दोघांचें कर्तव्य सारखें कसें असेल?

म्हणून माझें म्हणणें असें आहे. सौजन्य दोघांनींहि दाखवावयाचें आहे, पण तें एकाच प्रकारचें नव्हे. मोटारवाल्याचें सौजन्य म्हणजे संयम, आणि सायकलवाल्याचें सौजन्य म्हणजे स्पष्टपणा. ज्याच्या हातीं इजा करण्याचें सामर्थ्य अधिक, त्यानें तें आवरून धरावें. आणि ज्याला इजा होण्याचा संभव अधिक, त्यानें आपण आतां काय करणार आहों हें दुसऱ्यास आधींच कळेल असें वागावें.

हें तत्त्व कांहीं मी नवीन काढलेलें नाहीं. वाट कोणी कोणास द्यावी याचे नियम आपल्या जुन्या धर्मसूत्रांत आणि स्मृतींत आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत अशांची एक यादीच दिली आहे: चाकाच्या वाहनांत बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. चाकाचें वाहन यादींत पहिलें पाहून एखादा मोटारवाला मनांत हर्षित होईल. परंतु त्यानें या यादीमागील कारण पाहावें. राजा आणि स्नातक यांचा मान काळाबरोबर गेला. उरलेल्यांत पुष्कळ जण असे आहेत कीं, ज्यांना बाजूला होणें जड जातें. त्या काळचा रथ किंवा गाडा चिखलाच्या चाकोरींतून सहज निघत नसे. ओझेंवाल्याला मान वळवितां येत नसे. ज्याला वळणें कठीण त्याला वाट द्यावी, हा त्यांतला मतलब. आज मोटार एका बोटानें वळते. आणि चढावर धापा टाकीत, मागें ओझें बांधून जाणारा कोण आहे, हें मीं सांगावयास नको.

इंग्लंडांत १८६५ सालीं असा कायदा झाला कीं, रस्त्यावरून यंत्राची गाडी जात असेल तर तिच्यापुढें एका माणसानें लाल निशाण घेऊन चालावें, आणि गांवांत तिचा वेग ताशीं दोन मैलांवर जाऊं नये. पुढें या अटी सैल झाल्या आणि १८९६ सालीं हलक्या मोटारींची त्यांतून सुटका झाली. आज आपल्याला त्या निशाणवाल्याचें हसूं येतें. पण जो जड आणि वेगवान् त्यानें इतरांना जपावें, ही त्यामागची कल्पना हसण्यासारखी नाहीं. सायकलवाल्यानेंहि येथें गर्वानें मान ताठ करूं नये. त्याच देशांत घोडागाडीवाले आणि पादचारी सायकलींच्या नांवानें बोटें मोडीत असत. म्हणून १८८८ च्या कायद्यानें सायकलीला ‘गाडी’ ठरविलें आणि कोणासहि ओलांडतांना घंटा वाजवून किंवा अन्य रीतीनें सूचना देण्याचें बंधन तिच्यावर घातलें. सायकलीची घंटा ही मुळांत दुबळ्या पादचाऱ्याच्या रक्षणासाठीं आहे. जो नियम सायकल मोटारीला लावूं पाहते, तोच पादचारी सायकलीला लावणार.

आपला कायदाहि याच दिशेनें गेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणें, मोटारीच्या अपघातांत माणूस दगावला तर पांच लाख रुपये आणि जबर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये भरपाई गाडीच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मागतां येते, आणि ती मागतांना चूक मोटारवाल्याची होती असें सिद्ध करावें लागत नाहीं. वाहन चालविण्यासंबंधींच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांतहि पादचारी, सायकलस्वार, मुलें, वृद्ध आणि अपंग यांना चालकानें विशेष जपावें असें सांगितलें आहे. ब्रिटनच्या रस्तेविषयक संहितेंत तर २०२२ सालीं हें तत्त्व उघड शब्दांत आलें: जो अधिक इजा करूं शकतो, त्याच्यावर दुसऱ्याचा धोका कमी करण्याची जबाबदारी अधिक.

येथें एक आक्षेप हमखास निघतो. ‘रस्त्याचा कर आम्ही भरतों. सायकलवाले एक पैसा देत नाहींत. मग रस्ता त्यांचा कसा?’ याचें उत्तर असें कीं, शहरांतले रस्ते नगरसंस्थेच्या तिजोरींतून होतात, आणि त्या तिजोरींत घरपट्टी व इतर कर यांच्या रूपानें सर्वच भर घालतात. दुसरें, झिजवी त्यानें द्यावें हा न्याय धरला तर सायकलीचें देणें किती निघेल? अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठे प्रयोग झाले. त्यांवरून अभियंते असें मानतात कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते. या हिशेबानें सायकलीनें होणारी झीज मोजण्याजोगीहि उरत नाहीं. आणि तिसरें, आज मोटार ज्यावर धांवते तें हवेनें भरलेलें रबरी टायर १८८८ सालीं डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तयार केलें होतें. अमेरिकेंत चांगल्या रस्त्यांसाठीं पहिली मोठी चळवळ सायकलस्वारांनींच केली. गुळगुळीत रस्त्यावर सायकलीचा हक्क असा वडीलकीचा आहे.

तर मग प्रत्यक्षांत दोघांनीं काय करावें? मोटारवाल्यानें सायकलीला ओलांडतांना भरपूर अंतर सोडावें. ब्रिटनच्या संहितेंत निदान दीड मीटर, म्हणजे सुमारें पांच फूट, असें माप दिलें आहे. आमच्या पेठांतील रस्त्यांवर पांच फूट आणावे कोठून, असें विचाराल, तर उत्तर हें कीं, जागा नसेल तेथें ओलांडूंच नये. जागा मिळेपर्यंत मागून हळू यावें. पुढचा चौक बहुधा शंभर पावलांवर असतो, आणि तेथें लाल दिव्यापाशीं तोच सायकलवाला शेजारीं येऊन उभा राहतो. उभ्या मोटारीचें दार उघडण्यापूर्वीं मागें पाहावें. यासाठीं हॉलंडमधील लोकांची एक संवय घेण्यासारखी आहे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. त्यानें दार उजव्या हातानें न उघडतां डाव्या हातानें उघडावें. तसें करतांना अंग आपोआप वळतें आणि मागून येणारी सायकल दिसते. फुकट मिळणारा आणि हात मोडण्यापासून प्राण जाण्यापर्यंतचे अनर्थ टाळणारा असा उपाय दुसरा क्वचितच असेल. डावीकडे वळतांना सायकलीला आधीं जाऊं द्यावें. तिला मागें टाकून लगेच तिच्यासमोर वळूं नये. रात्रीं प्रखर दिवा खालीं करावा. आणि पावसाळ्यांत डबक्यावरून जातांना वेग आवरावा. कारण धुतलेले कपडे घालून कामावर निघालेल्या माणसाच्या अंगावर चिखल उडविणें याला कायद्यांत कोणतें कलम लागतें हें विचारण्याची सभ्य माणसास गरज पडूं नये.

सायकलवाल्यानें उलट्या बाजूनें येऊं नये. ‘एवढ्याशा अंतरासाठीं वळसा कोण घेतो?’ हा विचार पुष्कळांना भोंवला आहे. वळण्यापूर्वीं मागें पाहून हात दाखवावा. हात न दाखवितां वळणें म्हणजे मनांतला बेत दुसऱ्यानें ओळखावा अशी अपेक्षा करणें होय. संध्याकाळीं पुढें दिवा आणि मागें लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी असावी. हा दिवा रस्ता पाहण्यासाठीं जितका, तितकाच स्वतः दिसण्यासाठीं आहे. गप्पा मारीत तिघांनीं ओळीनें जाऊं नये, आणि कानांत गाणीं घालून जाऊं नये. कारण मागचें ऐकूं येणें ही सायकलस्वाराची अर्धी दृष्टि आहे. उभ्या मोटारींच्या ओळीपासून दार उघडेल इतकें अंतर ठेवून सरळ रेषेंत जावें. दोन मोटारींमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेंत शिरून पुन्हा बाहेर येऊं नये. आणि कोणी वाट दिली तर हात वर करावा. त्या एका खुणेनें मोटारवाल्याचा पुढच्या सायकलवाल्याविषयींचा ग्रह बदलतो.

या प्रश्नाचें एक अंग मात्र मनाला लागतें. आज रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. एक, आरोग्यासाठीं पहांटे महागडी सायकल घेऊन, शिरस्त्राण घालून निघणारा. आणि दुसरा, दुसरें वाहन परवडत नाहीं म्हणून जुनी सायकल चालविणारा पेपरवाला, रखवालदार, बांधकामावरचा मजूर. पहिल्याला वाट देतांना आपण ‘अहो’ म्हणतों, आणि दुसऱ्याला ‘अरे, हो बाजूला’ म्हणतों. वास्तविक पहिल्याला घरीं बसण्याची मोकळीक आहे. दुसऱ्याला ती नाहीं. तो पावसांत निघतो, रात्रपाळी संपवून झोंपाळलेल्या डोळ्यांनीं परततो, आणि त्याला कांहीं झालें तर चुलीवरचें भांडें उतरतें. आपल्या सौजन्याची खरी परीक्षा या दुसऱ्या माणसापाशीं होते. सायकल पाहून ‘अहो’ आणि ‘अरे’ ठरत असेल, तर तें सौजन्य माणसाविषयींचें नसून किंमतीविषयींचें आहे.

शेवटीं, केवळ सौजन्यानें सर्व होईल काय? नाहीं. हॉलंडचें उदाहरण पाहा. तेथील लोक मुळांतच सायकलप्रेमी आणि शांत, असें आपण समजतों. पण १९७१ सालीं, सुमारें १ कोटी ३० लाख वस्तीच्या त्या देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळ त्यांनीं उभारली. आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षें वेगळ्या वाटा, मंद वेगाच्या गल्ल्या आणि कडक नियम यांची उभारणी झाली. तेथील कायद्यानें मोटारीच्या धडकेनें सायकलस्वारास झालेल्या इजेची भरपाई प्रथम मोटारवाल्याच्या माथीं मारली आहे. त्यांचें आजचें सौजन्य रक्तांतून आलेलें नाहीं. तें रस्त्याच्या रचनेंतून आणि कायद्यांतून घडलेलें आहे. पुण्याच्या महानगरपालिकेनेंहि २०१७ सालीं सायकलींची एक सविस्तर योजना मंजूर केली. परंतु सायकलसाठीं आंखलेल्या पट्ट्यावर मोटार उभी राहिली, तर त्या पट्ट्याचा उपयोग रंगापुरताच उरतो. रचना सरकारनें करावी. ती पाळण्याची बुद्धि मात्र आपल्याजवळच असावी लागते.

ही बुद्धि येते घरांतून. मुलगा सहा वर्षांचा असतांना मोटारींत मागच्या आसनावर बसलेला असतो, आणि पुढें बसलेले वडील सायकलवाल्यास काय म्हणतात, हें तो ऐकत असतो. पुढें बारा वर्षांनीं त्याच्या हातीं स्वतःची गाडी येते, तेव्हां परवान्याच्या परीक्षेंत विचारलेले प्रश्न तो विसरलेला असतो. वडिलांचा तो शब्द विसरलेला नसतो. म्हणून माझी गृहस्थांस आणि गृहिणींस विनंति आहे कीं, उद्यां मुलांना घेऊन निघाल, तेव्हां एखाद्या सायकलवाल्यामागें अर्धा मिनिट हॉर्न न वाजवितां चाला, आणि तसें कां चाललां तें मुलांना सांगा. तें अर्धें मिनिट आपल्याला कोठेंहि उशीर करणार नाहीं. आणि त्या सायकलवाल्याची वाट पाहणारें घर आपल्याला कधीं दिसलें नाहीं तरी तें आहे.